कोणातर्फे, कोणासाठी

"भाभी, त्या पोरीले तुम्ही काऊन मारलं? आमची म्हातारी जेवून नाही राह्यली."

असा फोन आला की मी आधी विचारायची, कोणती मालिका, कोणती पोरगी. मग सांगायची, "अवो, येते ती परत. मालिकेतलं मेलेलं माणूस कुठं जाते? म्हातारीले सांगा, मी शब्द देते, जेव म्हणा." आणि म्हातारी जेवायची! मी शब्द दिला म्हणजे झालं. टीव्हीवर जे काही दिसतं ते अमडापूरच्या केबलवाल्या भाभीनं घडवून आणलेलं असतं, अशी गावाची पक्की समजूत होती. मॅच हरली की मला शिव्या, बातम्या वाईट आल्या की मला शिव्या. एक आजोबा तर वावरात निघताना फोन करून सांगायचे, "मी आल्याबिगर बातम्या सुरू करजो नोको."

मी शमीम. माहेर डोणगावचं. तिथल्या मराठी शाळेत शिकले, म्हणून हे लिहिणं जमतंय. लग्न होऊन अमडापुरात आले. नवरा रफिक रेडिओ-टेपचा मेकॅनिक. डिशचं वारं आलं तसं त्यानं घराच्या गच्चीवर छत्री बसवली, घराघरावरून तारा ओढल्या आणि खालच्या खोलीची कंट्रोल रूम केली. तो खांबांवर चढायचा, मी फोनपाशी बसायची. या अंकाच्या संपादकांनी मला केबलच्या धंद्याची वाटचाल लिहा म्हणून सांगितलं. वाटचाल कसली डोंबलाची? तारा ओढल्या, आता तारा गुंडाळल्या. मी त्यापेक्षा एका पिक्चरबद्दल सांगते, आणि ते गावानं पाहिल्यावर काय काय झालं ते सांगते. इतक्या वर्षांत माझ्या डोक्यातून न गेलेलं ते एकच आहे.

आधी धंद्याचं थोडं समजून घ्या. फोन कुठून येतो त्यावर बिघाड कुठं आहे हे कळतं. एकाच घराचा फोन आला, तर त्या घरातला बॉक्स बिघडलेला, नाहीतर उंदरानं वायर कुरतडलेली. एका गल्लीतून चार फोन आले, तर खांबावरची पेटी गेली, किंवा वानरांनी तारेवर झोके घेतले. आमच्याकडची वानरं म्हणजे तौबा! आणि सगळ्या गावाचा फोन एकदम आला, की चूक आमची, आमच्या घरातली. असा फोन आला की रफिक पायात चप्पल न घालता गच्चीवर पळायचा.

दुसरी गोष्ट, आमचा लोकल चॅनल. गावातल्या लग्नाची शूटिंग, शाळेचं गॅदरिंग, दुकानांच्या जाहिराती, आणि फर्माईश. लोक फोन करून गाणं मागायचे आणि मी विचारायची, "कोणातर्फे, कोणासाठी?" ते टाइप करून पडद्याच्या खालच्या पट्टीत सोडायची. मामातर्फे भाचीसाठी. मित्रमंडळातर्फे अमक्याला वाढदिवसासाठी. रुसलेल्या बायकोसाठी नवऱ्यानं गाणं लावलं आणि बायको माहेराहून आली, असंही माझ्या हातून झालं आहे. त्याचा मला अजून गर्व वाटतो.

त्या फर्माईशवाल्या पोरांमध्ये वैशाली होती. आमच्या मागच्या गल्लीतल्या पुष्पाबाईची एकुलती लेक. पुष्पाबाईकडे शेवयांचं मशीन. उन्हाळ्यात अर्धं गाव तिच्या ओट्यावर पीठ घेऊन बसलेलं असायचं. आईचा जन्मदिवस आईलाच माहीत नाही, म्हणून वैशालीनं स्वतःच पोळ्याचा दुसरा दिवस ठरवून टाकला होता. दरवर्षी त्या दिवशी फोन यायचा, "चाची, मी वैशाली. गाणं कोणतं बी लावा. पण पट्टी मोठी लावा." आणि मी पट्टी मोठ्या अक्षरात सोडायची, 'वैशालीतर्फे, आईसाठी.' पुष्पाबाई पिठाच्या हातानं टीव्हीसमोर उभी राहायची आणि म्हणायची, "पाहा बाप्पा, माझं नाव नाही छापलं, निस्तं आई छापलं." आतून मात्र खूश.

वैशाली कॉलेजात असताना तिचा बाप गेला. मोटारसायकलवर हीच मागे बसलेली होती. तिला खरचटलंसुद्धा नाही. त्यानंतर पोरीची झोप गेली. जेवण गेलं. बोलणं गेलं. डॉक्टर झाले, देव झाले, दर्गाही झाला, मी स्वतः घेऊन गेले होते. मग कोणीतरी पुष्पाबाईला चिखली रोडवरच्या वर्गाचं सांगितलं.

गावाबाहेर कापसाच्या जुन्या जिनिंगच्या आवारात तो वर्ग भरायचा, आत राहणारे त्याला केंद्र म्हणायचे. चालवणाऱ्याला सगळे 'सर' म्हणायचे. धर्माचं तिथं काही नव्हतं, हिंदू जायचे, आमच्यातलेही जायचे, माझा चुलतदीर जाऊन आला होता. मन साफ करतात म्हणे. दोन पितळी पेले हातात धरायला देतात, पेल्यांना वायर, वायर एका पेटीला, पेटीवर काटा. सर प्रश्न विचारतात. काटा हलला की म्हणतात, "इथं काजळी आहे. सांगून टाका." माणूस सांगतो. जे कधी नवऱ्याला, बायकोला सांगितलं नाही ते सांगतो. एक जण ते सगळं लिहून घेतो. मग पुढचा कोर्स. त्याला ते पायरी म्हणतात.

ती पेटी एकदा रफिककडे दुरुस्तीला आली होती. उघडून पाहिली तर आत काय, बॅटरी आणि मीटर. हाताला घाम आला की काटा हलणार. रफिकनं हे चहाच्या टपरीवर सांगितलं. लोक म्हणाले, "मशीन निमित्त आहे हो मिस्त्री, वळखतात ते सरच." रफिक घरी येऊन मला म्हणाला, "मैं चूप ही अच्छा."

पुष्पाबाई वैशालीला स्वतः घेऊन गेली होती. हे मी मुद्दाम सांगते, कारण ती स्वतः प्रत्येकाला सांगते. "म्याच नेलं तिले. हाताले धरून नेलं." आणि पोरगी सुधारली हो! खोटं कशाला बोलू? झोपायला लागली. जेवायला लागली. एक दिवस हसताना दिसली, तेव्हा मीही अल्लाचे आभार मानले. मग ती दुसऱ्या पायरीवर गेली, तिसऱ्या गेली. मग तिथंच स्वयंपाकाला, झाडलोटीला राहायला लागली. पुष्पाबाईनं एकदाच विचारलं, "पोरी, तू त्याहीले जे सांगतं, ते लिहून कायले ठेवतात व?" बस. एवढंच. शंका घेणारं माणूस म्हणजे काजळीचं माणूस, असं तिथं शिकवतात. ते माणूस म्हणजे ओझं, ते उतरवून टाकायचं असतं.

वैशाली एक दिवस घरी आली, कपडे पिशवीत भरले आणि दारात उभी राहून म्हणाली, "तुमच्यावर माझा राग नाही. पण आता तुमची-माझी ओळख नाही." जन्मभर जिला 'तू व माय' म्हटलं, तिला 'तुमच्यावर'! पुष्पाबाई सांगायची, "रागानं बोलली असती तं म्या ऐकलं असतं. ती तं बँकेतल्या बाईसारखी बोलली."

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी पुष्पाबाई डबा घेऊन जिनिंगच्या फाटकाशी जायची. डबा आत जायचा नाही. ती उभी राहायची आणि परत यायची. येताना आमच्या दारावरून जायची. मी फोनवर असले तरी हात करायची. 

आता ते पिक्चर. एका रविवारी दुपारी एका चॅनलवर माहितीपट लागला. परदेशातला कुठलातरी पंथ, त्यातून बाहेर पडलेली माणसं आपली कहाणी सांगत होती, हिंदीत डब केलेली. मी भाजी निवडत अर्धवट पाहत होते. पडद्यावर एक गोरा माणूस दोन डबे हातात धरून बसला. डब्यांना वायर. पेटीवर काटा. माझ्या हातातली मेथी हातातच राहिली.

आणि फोन वाजायला लागला. या गल्लीतून, त्या गल्लीतून, वेशीबाहेरच्या वस्तीवरून. सवयीनं रफिक गच्चीवर पळाला. सगळ्या गावाचा फोन आला होता, आणि चित्र एकदम साफ होतं.

पहिला फोन एका शेतकऱ्याचा. "भाभी, हे आपल्या चिखली रोडचं दाखवून राह्यली नं तू?"

"नाही हो भाऊ, हे परदेशातलं आहे."

"राहू दे, राहू दे. समजलं मले. माणसं गोरी करून टाकली तू, ओळखू येऊ नये म्हणून. लय हुशार आहेस."

मी हसले. पण पाठोपाठ दुसरा, तिसरा, सगळे हेच म्हणत होते. गावानं ठरवूनच टाकलं की केबलवालीनं जिनिंगमध्ये चोरून शूटिंग केली आणि नावं-गावं बदलून लावली! एक मास्तर तर म्हणाले, "आवाज हिंदीत घेतला हे बरं केलं, कायद्याच्या कचाट्यात सापडणार नाहीस."

एका बाईचा फोन आला, अगदी दबक्या आवाजात. "भाभी, आमचे हे तिथं जातात. आता टीव्हीसमोर बसून राह्यले. तिथून आवाज वाढवता येते का तुम्हाले?" मी म्हटलं, नाही येत, रिमोटनं वाढव. म्हणाली, "रिमोट त्याहीच्या हातात हाय."

एकाचा फोन चढ्या आवाजात. "सरांची बदनामी बंद करा. आणि भाभी, तुम्ही मुसलमान असून आमच्या माणसांच्या भानगडीत काऊन पडता?" माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, "माझा चुलतदीर पेले धरून बसला तेव्हा कोणी विचारलं नाही तो कोणाचा माणूस आहे! चित्र दिसते का तुम्हाले? दिसते नं? मग माझं काम झालं." आणि फोन आपटला. 

आणि एक फोन असा होता की त्याची मला भीती वाटली. वेशीकडच्या गल्लीतली एक एकटी राहणारी बाई. म्हणाली, "भाभी, ते डबे धरून मनातलं सांगतात, अन् मन हलकं होते म्हणे. इथं कुठं हाय ते? मले झोप येत नाही." मी म्हटलं, "अगं बाई, पुढचं पाहिलं नाहीस का तू? घरदार सोडायला लावतात." ती म्हणाली, "मले कोणतं घरदार?"  रात्री तिच्याकडे डाळभात घेऊन गेले आणि बसले, एवढंच. पण तेव्हाच मला समजायला हवं होतं की एकच चित्र सगळ्या घरांत एकसारखं दिसत नाही.

त्या पिक्चरमध्ये एक जागा होती. एक म्हातारी आई फाटकाशी उभी. हातात कागदात बांधलेलं काहीतरी. आतून तिची तरुण मुलगी येते आणि सरळ तिच्याकडे पाहून म्हणते, "मेरी कोई माँ नहीं है. आप जाइए." डबिंगवालीचा आवाज अगदी सपाट. म्हातारी ते पुडकं फाटकाच्या सळईला अडकवते आणि निघून जाते. एवढंच. पण मी त्या ठिकाणी रडले, हे सांगायला मला लाज नाही.

पिक्चर संपलं आणि पुष्पाबाई दारात उभी. कोपरापर्यंत पीठ. आत येऊन खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "भाभी, ते वैशालीले दाखव."

"कसं दाखवू, पुष्पाबाई?"

"तुले येते. ती म्हातारी पाहिली तं तिचं काळीज हालंन. दगड तं नाही नं ती. माझ्या पोटची हाय."

तिला कसं दाखवायचं ते मला माहीत होतं, आणि तिलाही. आमच्या लोकल चॅनलवर रोज संध्याकाळी सरांचा तास लागायचा. वर्गातली माणसं पेनड्राइव्ह आणून द्यायची, आम्ही लावायचो. आणि जिनिंगमध्ये त्या वेळी सगळे हॉलात एकत्र बसून टीव्हीवर सरांना ऐकायचे. सर शेजारच्या खोलीत चहा पीत बसलेले असायचे, पण ऐकायचं टीव्हीवर! दुसरं काही पाहायला तिथं मनाई. म्हणजे तो एक तास होता, ज्यात माझ्या तारेतून निघालेलं चित्र वैशालीच्या डोळ्यांपर्यंत जात होतं.

रफिक नको म्हणाला. "वायर काटेंगे. और ये अपनी चीज भी नहीं है." दुसऱ्याचा कार्यक्रम असा परत लावणं कायद्यात बसत नाही, हे मलाही माहीत होतं. पण लोकल चॅनलवर लावलेल्या किती गोष्टी कायद्यात बसत होत्या? मी म्हटलं, "लोकांच्या रुसव्यासाठी गाणी लावली, या बाईच्या लेकीसाठी एवढं नाही लावायचं?"  बुधवारी चॅनलनं तेच पिक्चर दुपारी पुन्हा दाखवलं, तेव्हा रेकॉर्डिंगचा बॉक्स त्यानंच लावला. आणि फाटकाचा भाग सुरुवातीला यावा अशी जुळवणीही त्यानंच केली.

गुरुवारी संध्याकाळी पुष्पाबाई धुतलेलं लुगडं नेसून आली. जणू लेक प्रत्यक्ष समोर येणार होती. माझा फोन नेहमी स्पीकरवर असायचा, कारण दोन्ही हात बटणांवर लागतात. ती माझ्या शेजारी बसली. रफिक दारात स्टूल टाकून बसला. सरांच्या तासाची वेळ झाली आणि मी सरांच्या जागी ते पिक्चर सोडलं.

लगेच जिनिंगमधून एका पोराचा फोन. "मॅडम, आमच्या वेळेत दुसरं काहीतरी येऊन राह्यलं."

"हाव, पाहून राह्यलो," मी म्हटलं. केबलवाल्याचं हे ठरलेलं उत्तर. त्यापुढं कोणी काही विचारत नाही.

पडद्यावर म्हातारी फाटकाशी आली. पुष्पाबाईनं माझं मनगट धरलं. मुलगी आली, बोलली. म्हातारीनं पुडकं अडकवलं. फोन गप्प होता. एकही फोन नाही. मला वाटलं, लागलं तिथं. बसलं कुठंतरी. पुष्पाबाईचे ओठ हलत होते, काय म्हणत होती देव जाणे.

मग फोन वाजला.

"चाची, मी वैशाली."

पुष्पाबाईनं पदराचा बोळा तोंडावर दाबला आणि दुसऱ्या हातानं मला खूण केली, सांगू नको, मी आहे हे सांगू नको.  मी म्हटलं, "बोल बेटा. कशी आहेस?"

"चांगली आहे. चाची, हे जे लागलं आहे, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं. खूप चांगलं आहे." आवाज स्वच्छ, शांत. "त्या मुलीनं किती धीर धरला! आई समोर उभी आहे, तरी ढळली नाही. मला नव्हतं जमलं इतकं चांगलं. माझा आवाज कापला होता तेव्हा. आमच्याकडे नव्या मुली आल्या आहेत, त्या रडतात घरच्यांसाठी. त्यांना नीट दाखवायचं आहे. उद्या याच वेळेला पुन्हा लावाल का?"

  आणि इतक्या वर्षांची जीभ, ती आपोआप बोलून गेली. मी विचारलं, "कोणातर्फे, कोणासाठी?"

ती म्हणाली, "केंद्रातर्फे. नव्या मुलींसाठी."

मला राहवलं नाही. पुष्पाबाईनं हात हलवला तरी मी बोलले. "वैशाली, तुझी आई इथं बसली आहे. माझ्या शेजारी. तिच्याशी एक शब्द बोल."

फोन कटला नाही. पलीकडून त्याच पिक्चरचा आवाज येत होता, आमच्या पडद्यावरच्या आवाजाच्या जरासा मागून. पुष्पाबाई फोनवर वाकली होती, पण तिच्या तोंडून शब्द फुटेना.  आणि मग फोन ठेवल्याचा आवाज आला.

मी ते पिक्चर बंद केलं. सरांचा पेनड्राइव्ह लावला. मला इतका राग आला होता की मी पुष्पाबाईवरच ओरडले. "ऐकलंस? धीर धरला म्हणते! धीर! मी मेले तरी ते पुन्हा लावणार नाही."

पुष्पाबाईनं डोळे पुसले. म्हणाली, "लाव."

"काय?"

"लाव उद्या. पुन्हा पाहायचं म्हणते नं ती? लाव."

"अगं, ती कशासाठी मागते आहे ते कळलं का तुला? दुसऱ्यांच्या लेकी तोडायला मागते आहे!"

"कयलं. बहिरी नाही म्या." पुष्पाबाई उठून उभी राहिली. "पण भाभी, तिनं आवाज कापला म्हणून सांगतलं. तुले सांगतलं, त्याहीले नाही. कापला होता म्हणते. म्हंजे म्याच ऐकला नाही त्या दिवशी, रडण्यात. अन् किती दिवसांनी तिनं काही मागतलं. ते बी तुले, चाची म्हणून. माझ्यानं नाही म्हणवत नाही."

आम्ही भांडलो. खरोखर भांडलो, दोघी बायका, त्या छोट्या खोलीत. मी म्हटलं, त्या नव्या मुलींच्या आया काय करतील? तिनं मान खाली घातली. ते तिलाही दिसत होतं. मग म्हणाली, "मंग निस्ती पट्टी सोड. पिक्चर नोको लावू. तुले पटत नाही तं नोको. पट्टी सोड, मोठी."

दुसऱ्या दिवशी सरांच्या तासाला मी सरांचाच पेनड्राइव्ह लावला. सर काजळीवर बोलत होते. आणि खाली, त्यांच्या छातीवरून जाईल अशी मोठ्या अक्षरांची पट्टी मी सोडली, 'आईतर्फे, वैशालीसाठी.' पूर्ण तासभर ती फिरत होती. जिनिंगमधून फोन आला, "मॅडम, ती पट्टी काढा." मी म्हटलं, "हाव, पाहून राह्यलो." पुष्पाबाई शेजारी बसून पट्टीकडे पाहत होती. उजवीकडून यायची, डावीकडे जायची, परत यायची.

तिसऱ्या दिवशी जिनिंगमधून दोन पोरं आली आणि आमचा बॉक्स पिशवीत घालून परत देऊन गेली. वायर मात्र तोडली नाही, नीट गुंडाळून फाटकाशी ठेवली होती. ती रफिक घेऊन आला. त्यानंतर सरांचा पेनड्राइव्ह आला नाही. त्यांनी मोबाईलवर तास सुरू केला म्हणे. माझ्या तारेतून वैशालीपर्यंत जायची वाट संपली. रफिकनं ती वायर दुसऱ्या कुठं वापरली नाही, अजून माळ्यावर आहे.

गावातल्या काही घरांतली माणसं नंतर त्या वर्गातून परत आली. दबक्या आवाजाच्या बाईचा नवराही आला. पिक्चर पाहूनच आला, असं ती म्हणते. मला ती अजून दुवा देते आणि मला धड घेता येत नाही.

मग धंदाच बसला. पोरं फोनमध्ये बघायला लागली, म्हाताऱ्यांना लेकांनी घरावर लावायच्या डिशच्या छत्र्या घेऊन दिल्या. मागच्या वर्षी आम्ही कंट्रोल रूम बंद केली. रफिकचे गुडघे खांबावर चढायच्या लायकीचे राहिले नाहीत. सामान भंगारात चाललं होतं तेव्हा पुष्पाबाई आली. मला वाटलं, जुना टीव्ही वगैरे मागेल. तिनं फोनकडे बोट दाखवलं.

"हा नंबर माझ्या घरी करून दे. तिले एवढाच पाठ हाय."

टेलिफोनवाल्यांच्या दोन-तीन चकरा झाल्या, पण नंबर तिच्या घरी गेला. शेवयांच्या मशीनशेजारी, खिडकीत ठेवला आहे. वाजतो अजून. गावातल्या जुन्या माणसांनाही तोच पाठ आहे ना! वानरं अजून तारेवर बसतात, कोणाची तरी पेटी अजून जाते, कोणीतरी ओरडतं, चित्र नाही. पुष्पाबाई म्हणते, "हाव, पाहून राह्यलो." माझं वाक्य. मग माझ्याकडे निरोप पाठवते आणि मी नव्या कंपनीचा नंबर कळवते.

परवा तिच्याकडे बसले होते. फोन वाजला. तिनं मशीन बंद केलं, हात पुसले, रिसीव्हर कानाला लावला.  आधी पलीकडचा श्वास ऐकला. मग खूप हळू विचारलं, "कोणातर्फे, कोणासाठी?"

पलीकडून एक म्हातारा ओरडला, इतका मोठ्यानं की मलाही ऐकू आला, "अवो, बॉक्सचा लाइट लाल दिसून राह्यला!"

"होईल हिरवा," पुष्पाबाई म्हणाली. रिसीव्हर ठेवला, नीट बसला की नाही ते उचलून पुन्हा पाहिलं, आणि मशीन सुरू करायच्या आधी थोडा वेळ तिथंच उभी राहिली.